ज्युनिअर सायन्स ऑलिम्पियाडचा सराव: जुन्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात की बाजारातले जाड संच?

आठवी ते दहावीतल्या मुलांना ज्युनिअर सायन्स ऑलिम्पियाडच्या वाटेने जायचं असेल, तर पहिला टप्पा असतो नोव्हेंबरात होणारी एनएसईजेएस, म्हणजे नॅशनल स्टँडर्ड एक्झामिनेशन इन ज्युनिअर सायन्स, ही परीक्षा. ती इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, म्हणजे आयएपीटी, घेते. तिथून निवडलेली मुलं आयएनजेएसओ, म्हणजे इंडियन नॅशनल ज्युनिअर सायन्स ऑलिम्पियाड, या दुसऱ्या फेरीला बसतात. ही फेरी आणि तिच्या पुढचं निवड शिबिर मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पाहतं. आयएपीटी आणि हे केंद्र, दोघांच्या संकेतस्थळांवर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. या परीक्षेसाठी सरावाचं जे काही साहित्य उपलब्ध आहे, त्यात याच पत्रिका सर्वांत चांगल्या आहेत, आणि दुसऱ्या क्रमांकावर काय ठेवावं हे ठरवायला बराच विचार करावा लागतो. बाजारातले पाच-सहाशे पानी संच त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. त्यांचा उपयोग फार तर हात बसवण्यापुरता.

आधी परीक्षेचं स्वरूप पाहू, कारण सराव साहित्य त्याला जुळतं की नाही यावरच निम्मा निकाल लागतो. अलीकडच्या पत्रिकेत 60 प्रश्न आणि 120 मिनिटं असतात. पहिले 48 प्रश्न एकच पर्याय बरोबर असलेले: उत्तर बरोबर आलं तर 3 गुण, चुकलं तर 1 गुण वजा. उरलेल्या 12 प्रश्नांत एक किंवा अधिक पर्याय बरोबर असू शकतात. सगळे बरोबर पर्याय रंगवले आणि एकही चुकीचा रंगवला नाही, तरच 6 गुण. या भागात ऋण गुण नाहीत. एकूण 216 गुण. त्याआधीच्या पत्रिकांत 80 प्रश्न आणि वेळ मात्र तेवढाच, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. कोरोनाच्या काळात पहिल्या दोन फेऱ्या एकत्र करून इंडियन ऑलिम्पियाड क्वालिफायर नावाची एकच परीक्षा झाली. तिचा पहिला भाग पर्यायी आणि दुसरा सविस्तर होता, त्यामुळे त्या पत्रिका दोन फेऱ्यांमधला पूल म्हणून फार उपयोगी पडतात.

या गुणपद्धतीचा हिशेब मुलांना एकदा कागदावर करून दाखवा. चारपैकी एक पर्याय डोळे झाकून निवडला, तर सरासरी फायदा शून्य: एकदा 3 मिळतात, तीनदा 1 जातो. एक पर्याय खात्रीने बाद केला, तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी एक तृतीयांश गुण पदरात पडतो. दोन बाद केले तर पूर्ण 1. म्हणजे "येत नसेल तर सोडून दे" हा शाळेतला सल्ला इथे अर्धाच खरा आहे. दुसऱ्या भागातले बाराही प्रश्न सोडवायचेच, रिकामा एकही ठेवायचा नाही. दरवर्षी मुखपृष्ठावरच्या सूचना मात्र नव्याने वाचायच्या.

जुन्या पत्रिकांचं खरं मोल त्यांच्या चुकीच्या पर्यायांत आहे. हे समजण्यासाठी त्या धाटणीचा, आम्ही रचलेला एक प्रश्न घ्या. 0 अंश सेल्सिअसचा 100 ग्रॅम बर्फ 60 अंशाच्या 100 ग्रॅम पाण्यात टाकला. भांडं उष्णता घेत नाही आणि उष्णता बाहेरही जात नाही. अंतिम तापमान किती? पर्याय: 30, 10, 0 आणि उणे 10. ज्याला अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढता बर्फ वितळायला लागणारी उष्णता (ग्रॅममागे 80 कॅलरी), आठवत नाही, तो सरासरी काढून 30 म्हणतो. ज्याला सूत्र पाठ आहे, तो अंतिम तापमान ता धरून 8000 + 100 ता = 100 (60 − ता) मांडतो आणि उणे 10 वर पोहोचतो. ज्याला उणे तापमान पाहून शंका येते, पण कारण कळत नाही, तो उणे चिन्ह खोडून 10 करतो. बरोबर उत्तर 0 आहे. पाणी 0 अंशापर्यंत थंड होताना 6000 कॅलरी देतं, सगळा बर्फ वितळायला 8000 लागतात, म्हणून 75 ग्रॅम बर्फ वितळतो आणि 25 ग्रॅम तसाच राहतो. चार पर्याय आणि विचारांच्या चार वेगवेगळ्या अवस्था. मुलाने कुठला पर्याय निवडला यावरून त्याचं कुठे अडलं आहे ते शिक्षकाला लगेच कळतं.

हाच प्रश्न बाजारातल्या संचांत साधारण असा येतो: 20 ग्रॅम बर्फ, 40 अंशाचं 100 ग्रॅम पाणी, तापमान काढा. 4000 वजा 1600, भागिले 120, उत्तर 20. सगळा बर्फ वितळतो की नाही, हा प्रश्नच मुलाला पडत नाही. असे वीस प्रश्न सोडवले तरी पहिल्या प्रश्नात तो उणे 10 लाच खूण करणार.

जाता जाता एक नोंद. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1 मध्ये उष्णतेवर स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात अप्रकट उष्मा आणि विशिष्ट उष्माधारकता नीट दिली आहे. सीबीएसईच्या दहावीत असं प्रकरण नाही. सीबीएसई शाळेतल्या मुलांनी बालभारतीचं हे प्रकरण वाचून काढावं, दोन दिवसांचं काम आहे. ऑलिम्पियाड म्हटलं की राज्य मंडळाचं पुस्तक बाजूला ठेवायची जी घाई पालक करतात, ती इथे महागात पडते.

चांगल्या प्रश्नाची दुसरी खूण म्हणजे तो थोडासा बदलला की उत्तर बदलतं. ग्लासातल्या पाण्यावर बर्फ तरंगतो आहे, वितळल्यावर पातळी तीच राहते, हे सगळ्यांना पाठ असतं. आता बर्फात एक खडा गोठलेला आहे असं धरा: वस्तुमान 50 ग्रॅम, घनता 2.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तरंगताना खड्याच्या वजनापोटी 50 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारलेलं असतं. बर्फ वितळून खडा तळाशी गेला की तो फक्त स्वतःच्या आकारमानाइतकं, म्हणजे 20 घन सेंटिमीटर पाणी सारतो. फरक 30 घन सेंटिमीटर. ग्लासाच्या छेदाचं क्षेत्रफळ 60 चौरस सेंटिमीटर असेल, तर पातळी अर्धा सेंटिमीटर उतरते. खड्याऐवजी हवेचा बुडबुडा असेल तर? पातळी तीच. बुचाचा तुकडा? तीच, कारण तो नंतरही तरंगतोच. ग्लासात मिठाचं पाणी असेल आणि बर्फ साधा असेल तर? पातळी चढते, कारण वितळलेल्या गोड्या पाण्याची घनता कमी असते. जुन्या पत्रिकेतला एखादा प्रश्न सुटल्यावर त्याची अशी तीन-चार रूपं मुलाकडूनच करून घ्यावीत. एका पत्रिकेतून चार पत्रिकांचा सराव होतो.

अनेक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांचा सराव मात्र वेगळा करावा लागतो, आणि छापील संच इथे सर्वांत कमी पडतात. उदाहरण म्हणून, 220 व्होल्टसाठी बनवलेले 60 वॉट आणि 100 वॉटचे दोन दिवे एकसर जोडणीत 220 व्होल्टला लावले आहेत, रोध तापमानाने बदलत नाही असं माना. विधानं अशी: अ) 60 वॉटच्या दिव्याचा रोध जास्त आहे. ब) दोन्हींतून सारखीच धारा वाहते. क) 100 वॉटचा दिवा जास्त उजळतो. ड) दोन्ही दिव्यांची मिळून शक्ती 37.5 वॉट आहे. बरोबर विधानं अ, ब आणि ड. पहिली दोन मुलं चटकन ओळखतात, क खोटं आहे हेही कळतं, पण ड साठी आकडेमोड लागते म्हणून ते सोडून देतात, आणि 6 ऐवजी शून्य मिळतं. 60 गुणिले 100 भागिले 160 केलं की ड सुटतं. दोन्ही दिवे एकाच व्होल्टेजसाठी असतील तर एकसर जोडणीत शक्ती अशीच जुळते. या भागात प्रत्येक विधान स्वतंत्र खरं-खोटं प्रश्न म्हणून तपासायची सवय लागली पाहिजे. "दोन मिळाली, बास" ही वृत्तीच इथे गुण खाते. "रोध बदलत नाही असं माना" हे वाक्य प्रश्नात असणंही महत्त्वाचं आहे. खऱ्या दिव्याची तार तापल्यावर तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. जो संच ही अट न लिहिता असा प्रश्न देतो, त्याच्या लेखकाने विचार केलेला नाही.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे एनएसईजेएसच्या उत्तरतालिकेत फक्त अक्षर असतं, स्पष्टीकरण नसतं. मूल तालिका पाहतं, "क होतं का, बरं" म्हणतं आणि पुढे जातं. क्लासवाल्यांनी टाकलेली उत्तरं संकेतस्थळांवर मिळतात, पण तीही एकमेकांशी जुळत नाहीत असं अनेकदा दिसतं. दुसरी उणीव: परीक्षेनंतर आधी तात्पुरती तालिका येते, आक्षेप मागवले जातात आणि मग अंतिम तालिका लागते. या दोन्हींत उत्तरं बदलतात. घरोघरी फिरणाऱ्या पीडीएफमध्ये बहुतेक वेळा तात्पुरतीच तालिका असते. उतरवताना "अंतिम" असा स्पष्ट उल्लेख पाहूनच घ्या. ज्या प्रश्नांवर सगळ्यांना गुण दिले गेले, ते सरावातून सरळ वगळा, नाहीतर मूल मुळातच सदोष असलेल्या प्रश्नावर तासभर डोकं फोडत बसतं.

तिसरी उणीव जीवशास्त्राची. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्न बहुतेक विचार करायला लावणारे असतात, जीवशास्त्रात मात्र काही प्रश्न निव्वळ आठवणीचे निघतात: अमुक संप्रेरक कुठल्या ग्रंथीतून, तमुक प्राणी कुठल्या संघात. अशा प्रश्नांसाठी पाठ्यपुस्तक पुरेसं आहे. आकडेवारीवरचे प्रश्न वेगळे काढून जास्त वेळ द्यावा. उदाहरणार्थ, एक रोप उजेडात तासाला 12 मिलिलिटर ऑक्सिजन बाहेर सोडतं आणि अंधारात तासाला 3 मिलिलिटर घेतं. श्वसन दिवसरात्र सारखंच चालतं असं धरलं, तर प्रकाशसंश्लेषणात प्रत्यक्ष तयार होणारा ऑक्सिजन तासाला 15 मिलिलिटर. 10 तास उजेड आणि 14 तास अंधार असेल, तर दिवसाची निव्वळ भर 120 वजा 42, म्हणजे 78 मिलिलिटर. "झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात" हे वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं मूल पहिल्याच पायरीवर 12 लिहितं.

मराठी माध्यमातल्या मुलांसाठी आणखी एक अडचण: सहज मिळणाऱ्या जुन्या पत्रिका बहुतांशी इंग्रजीत असतात. विषय येतो, पण प्रश्न वाचण्यात वेळ जातो. यावर पूर्ण भाषांतर करून देणं हा उपाय नाही, कारण परीक्षेत ते मिळेलच असं धरून चालता येत नाही. पहिल्या दोन पत्रिका वेळ न लावता वाचाव्यात, अडलेला प्रत्येक पारिभाषिक शब्द वहीत मराठी संज्ञेसह लिहावा: लेटंट हीट म्हणजे अप्रकट उष्मा, बॉयंट फोर्स म्हणजे प्लावक बल, रेझिस्टन्स म्हणजे रोध. तिसऱ्या पत्रिकेपासून यादी लांबायची थांबते. "इन्करेक्ट", "नॉट", "अ‍ॅट लीस्ट", "एक्सेप्ट" हे शब्द दिसले की त्यांना पेन्सिलीने गोल करायचा. अनेक गुण विज्ञानात न जाता या चार शब्दांत जातात.

आयएनजेएसओच्या पत्रिकांना वेगळी दाद दिली पाहिजे. होमी भाभा केंद्र त्यांची सविस्तर उत्तरंही देतं. त्यातून उत्तर कसं मांडायचं, एककं कुठे लिहायची, कुठलं गृहीतक सांगायचं हे दिसतं. त्यांतले प्रश्न एनएसईजेएसपेक्षा बरेच जड आहेत, म्हणून नववीच्या मुलाने सुरुवातच त्यांच्यापासून केली तर तो बिचकतो. पण एनएसईजेएसची तयारी करतानाही आठवड्याला एक आयएनजेएसओचा प्रश्न, वेळेचं बंधन न ठेवता, पूर्ण वाक्यांत सोडवणं फार लाभदायक ठरतं. पर्यायी प्रश्नांच्या सरावाने जो उथळपणा येतो, त्यावर याच्याइतका चांगला उतारा आम्हांला माहीत नाही.

बाजारातला संच घ्यायचाच असेल, तर दुकानात उभ्या उभ्या तो दहा मिनिटांत तपासता येतो. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असतानाचा प्रश्न शोधा. तिथे वेग शून्य असतो, पण त्वरण 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग आणि खालच्या दिशेनेच असतं. उत्तरात त्वरण शून्य दिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. मग भिंगाचं प्रकरण: बहिर्वक्र भिंगाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमा पूर्णच मिळते, फक्त मंद होते. "अर्धी प्रतिमा" हे उत्तर अजूनही छापलं जातं. आम्ल-आम्लारीत 10⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू पाहा. 8 दिला असेल तर आम्ल पाण्यात टाकून द्रावण आम्लारिधर्मी झालं असा अर्थ होतो! पाण्यातले स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की उत्तर सुमारे 6.98 येतं. शेवटी पुस्तक ताजं आहे का ते पाहा. मूलद्रव्यांची संख्या 118 दिली आहे का? किलोग्रॅमची व्याख्या अजून पॅरिसजवळच्या प्लॅटिनम-इरिडिअमच्या ठोकळ्यावर अडकली आहे का? 20 मे 2019 पासून ती प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे.

या कसोट्यांतून पार पडलेला संच घ्यायला हरकत नाही. मोलची आकडेमोड, विद्युत मंडलं, आरशाची आणि भिंगाची चिन्हं, इथे नुसता हात बसणंही गरजेचं असतं आणि त्यासाठी संख्येने भरपूर प्रश्न लागतात. मात्र रसायनशास्त्रात मर्यादित अभिक्रियाकारकाचे, म्हणजे जो पदार्थ आधी संपतो त्यावरून उत्तर काढायचे, प्रश्न पुरेसे आहेत का ते पाहा. 10 ग्रॅम कॅल्शिअम कार्बोनेट आणि 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचे 100 मिलिलिटर एकत्र केले, तर किती कार्बन डायऑक्साइड मिळेल? कार्बोनेट 0.1 मोल आहे, त्याला 0.2 मोल आम्ल हवं, हाताशी 0.1 मोलच. म्हणून वायू 0.05 मोल, म्हणजे 2.2 ग्रॅम. बरेच संच आम्ल "भरपूर प्रमाणात" देऊन मोकळे होतात, आणि मूल सगळीकडे 4.4 ग्रॅम लिहायला शिकतं.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचे संच या परीक्षेसाठी वापरावेत का, असं पालक हमखास विचारतात. नावात होमी भाभा दोन्हीकडे आल्याने गोंधळ होतो. ही स्पर्धा मुंबई सायन्स टीचर्स असोसिएशन सहावी आणि नववीच्या मुलांसाठी घेते, मराठीतूनही देता येते, आणि लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असते. स्पर्धा चांगली आहे, सहावीत ती दिलेल्या मुलाला प्रयोगाची आणि निरीक्षणाची गोडी लागते. पण लेखी परीक्षेचा बाज वेगळा, वेग वेगळा. नववीत दोन्ही द्यायच्या असतील तर साहित्य वेगवेगळं ठेवा.

वापरायची पद्धत अशी सुचवू. सर्वांत ताज्या दोन पत्रिका बाजूला काढून पाकिटात बंद करा, प्रकरणवार सरावात त्यांतला एकही प्रश्न येऊ देऊ नका. उरलेल्यांपैकी 80 प्रश्नांच्या पत्रिका जून ते ऑगस्टमध्ये प्रकरणवार फोडून सोडवा. पूर्ण पत्रिका म्हणून त्या सोडवल्या तर वेळेचा अंदाज चुकतो, कारण तिथे दीड मिनिटाचा प्रश्न आहे आणि आताच्या परीक्षेत दोन मिनिटांचा. सप्टेंबरपासून 60 प्रश्नांच्या पत्रिका, रविवारी सकाळी, सलग 120 मिनिटं. तपासताना चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायचं: संकल्पना चुकली, आकडेमोड चुकली, प्रश्न चुकीचा वाचला, की अंदाज फसला. बरोबर आलेल्या पण अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नांपुढेही खूण हवी, कारण पुढच्या वेळी तोच अंदाज फसू शकतो. तीन पत्रिकांनंतर ही यादी पाहिली की पुढचा महिना कशावर घालवायचा ते आपोआप ठरतं. आकडेमोडीच्या चुका जास्त असतील तर नवं पुस्तक आणून काहीही होणार नाही, कच्चं काम एका ओळीत एक पायरी असं मांडायला शिकवावं लागेल.

पाकिटातल्या दोन पत्रिका ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढायच्या. त्या वेळी उत्तरं वहीत न लिहिता ओएमआरसारख्या छापील गोळ्यांच्या कागदावर, बॉलपेननेच रंगवून घ्या. 60 प्रश्नांचे गोळे रंगवण्यात काही मिनिटं सहज जातात, आणि एक प्रश्न सोडून पुढे गेलेलं मूल पुढचे सगळे गोळे एका ओळीने चुकवतं. यासाठी दर दहा प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक आणि ओळीचा क्रमांक जुळवून पाहायची सवय लावा. अनेक पर्यायांच्या भागात मात्र चारही विधानं तपासून होईपर्यंत एकही गोळा रंगवायचा नाही, कारण पेनने रंगवलेला गोळा खोडता येत नाही.